प्रॉम्प्टरची पेटी

एकोणीस वर्षं मी रंगमंचाखालच्या पेटीत बसले,
कुतैसीच्या एका जुन्या थिएटरात.
डोक्यावरून राजे चालायचे,
त्यांच्या बुटांची धूळ माझ्या वहीवर पडायची.
कुणी अडखळलं, की मी वाक्याचं पहिलं अक्षर
वर सरकवायची. फक्त पहिलं.
पुढचं त्याचं त्याला सापडायचं.

मग पेटीवर फळ्या ठोकल्या.
नटांच्या कानात आता यंत्रं असतात.

आता दर मंगळवारी सातला
स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप,
त्याच्याखाली चार जाड शब्दकोश,
म्हणजे माझी दुसरी हनुवटी जरा कमी दिसते.
अकरा पोरं.
ग्वांत्सा मेस्तियातल्या गोठ्यातून, घरात रेंज नाही म्हणून;
तिच्या प्रत्येक वाक्याला मागून गाय दाद देते.
रेझी पोतीच्या बंदराजवळचा. आवाज फुटतोय,
एकाच शब्दात तो दोन वयांचा असतो.

आज डब्ल्यू.
मेणबत्त्या सगळ्यांकडे असतातच, वीज कधी जाईल नेम नाही.
"ओठांचा चंबू करा.
ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये."
विंटर. विंडो. वुल्फ.
ज्योती वाकल्या, सरळ झाल्या.
ग्वांत्साची गायीने विझवली.

इंग्रजीत नाटक कशाला, तिच्या वडिलांनी विचारलं होतं.
हॉटेलात नोकरी मिळते, मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.
पण परक्या भाषेत लाज जरा उशिरा पोचते,
तेवढ्या वेळात पोरगं बोलून मोकळं होतं,
हे त्यांना कसं सांगणार?

त्सोत्ने ओनीचा. चौदा वर्षांचा. कॅमेरा कायम बंद.
त्याच्या चौकटीवर नाव आईचं, दाली.
खातं तिचं, फोन तिने इटलीहून पाठवलेला.
कधी कधी दाली दोनदा दिसते,
शेजारी शेजारी दोन काळ्या चौकटी.
जुन्या फोनची खोड असेल, असं मी धरून चालले.

खेळ रिकाम्या खुर्चीचा.
खुर्चीवर कुणीतरी बसलंय, त्याच्याशी बोला, त्याच्याबद्दल बोला.
रेझी मेलेल्या कुत्र्याशी बोलला.
ग्वांत्सा गणिताच्या बाईंशी अशी भांडली
की मी व्याकरण विसरले.

मग काळ्या चौकटीतून,
"माय मदर. ही वर्क्स इन बारी.
ही वॉशेस वन ओल्ड वुमन.
ही सेड, टू इयर्स. नाऊ इज सिक्स."

वुमनचा डब्ल्यू अगदी गोल.

आमच्या भाषेत तो आणि ती एकच.
बाप्या, बाई, नदी, नासपती, सगळ्यांना एक शब्द पुरतो,
म्हणून इंग्रजीत शिरताना पोरांच्या आया
उंबऱ्यावरच बाप होऊन जातात.
एरवी मी लगेच दुरुस्त करते.
आज जीभ टाळ्याला चिकटली.
एकोणीस वर्षांत मी एकदाही वेळ चुकवली नव्हती.

"ही फरगेट..." तो थांबला.

दुसऱ्या दालीभोवती हिरवी रेघ उमटली.
कपबशीचा आवाज, लांबून कुणा म्हातारीचा खोकला,
आणि अगदी दबक्या आवाजात,
पेटीतून यावं तसं,
"शी."

बराच वेळ कुणी हललं नाही.
मग त्सोत्ने आपल्या भाषेत म्हणाला,
"कधीपासून आहेस तू इथे?"
"सप्टेंबरपासून. तिकडे सात वाजले की इथे चार.
म्हातारी तेव्हा झोपते."

"फरगेटला एस लागतो," मी म्हणाले,
कारण कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

फुकटची चाळीस मिनिटं संपली, पडदा आपोआप पडला.
शेगडीत लाकूड सारलं, वही उघडली.
हजेरीत बाराव्या ओळीवर लिहिलं, दाली.
वयाचा रकाना रिकामा आहे.
पुढच्या मंगळवारी विचारायचं.
तिच्याकडे मेणबत्ती आहे का, तेही.